दरबार आणि चूल

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा दिला आणि अहमदनगर सोडून ते साताऱ्याला जाऊन राहिले. त्याआधी बावीस वर्षे, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत बाप्तिस्मा घेऊन त्यांनी आपला ब्राह्मण समाज सोडला होता. आता ज्या मिशनने त्यांना आसरा, काम आणि मान दिला, त्याच्याही चौकटीतून ते बाहेर पडले. भांडून नव्हे, आणि श्रद्धा उडाली म्हणून तर मुळीच नव्हे. ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा तसूभरही ढळलेली नव्हती. पण परदेशी पैशावर चालणारे, समित्यांनी हाकलेले आणि आत कोण व बाहेर कोण याची नोंदवही ठेवणारे काम यापुढे आपल्या हातून व्हायचे नाही, हे त्यांना कळून चुकले होते. त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही त्यात जागा होती. त्याने बाप्तिस्मा घेतला आहे की नाही, हे विचारले जाणार नव्हते.

हा शेवटचा भाग वाचायला सोपा, पण त्या काळात भलता जड होता. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात बाप्तिस्मा ही नुसती प्रार्थना नव्हती. त्या क्षणी माणूस घर, भाऊबंद, वाटणी, पंगत आणि श्राद्ध या सगळ्यांतून उठत असे. एका बाजूने समाज त्याला मेला समजे, दुसऱ्या बाजूने मिशन त्याला जन्मला म्हणून लिहून घेई. दोन्ही बाजूंना ही सीमारेषा हवी होती, कारण तिच्यावरच दोघांची मोजदाद चालत असे. टिळकांनी ती रेषा स्वतःच्या आयुष्यात भारी किंमत देऊन ओलांडली होती. साताऱ्यात ते म्हणू लागले की इतरांनी ती किंमत देण्याची गरज नाही. स्वतः पुरता टोल भरून पलीकडे गेलेल्या माणसाने मागून येणाऱ्यांसाठी नाका उठवावा, असे क्वचितच घडते. बहुतेकजण तिथेच पावत्या फाडायला बसतात.

हे पुस्तक त्या दरबाराविषयी आहे, असे मी लिहायला बसलो तेव्हा समजत होतो. लिहिता लिहिता त्याचा मध्य सरकला आणि साताऱ्याच्या दरबारातून नगरच्या एका स्वयंपाकघरात येऊन स्थिरावला. तो का सरकला, एवढेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

टिळकांची वाट आधी पाहू. जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. आई लवकर गेली, वडिलांशी पटले नाही, मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. पुढे शाळामास्तर, कीर्तनकार, कवी, नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम, ‘ऋषि’ नावाच्या मासिकाचे संपादन. एका जागी टिकणे स्वभावातच नव्हते. धर्मचिंतन मात्र अखंड चालू होते. जुन्या शास्त्रांवरचा विश्वास उडाला होता आणि एखादा नवाच धर्म मांडावा, असे मनात घोळत होते. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी गाठ पडली. त्याने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक उघडले ते डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. शत्रूवर प्रेम करा, दुसरा गाल पुढे करा, गुप्तपणे दान करा, एकांतात प्रार्थना करा, अशी ती शिकवण. नवा धर्म काढायला निघालेल्या माणसाला तिथे आपले अधिकारपद हरवल्यासारखे झाले असावे, असा माझा तर्क आहे. संस्थापक होण्याची त्याची इच्छा तिथेच विझली.

बाप्तिस्म्यानंतरच्या बावीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती समाजाला त्याचा स्वतःचा आवाज दिला. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी ओवी, अभंग, आर्या आणि कीर्तन आणले. तुकोबांवरची त्यांची माया धर्म बदलल्यावर आटली नाही. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या वाटेने पोहोचलो, असेच ते सांगत. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीते म्हटली जातात, आणि ती म्हणणाऱ्याला आपण काही उसने बोलत आहोत असे वाटत नाही. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग त्यांनी सांभाळला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरवण्यात पुढाकार घेतला. तिथे बालकवी ही पदवी मिळालेला ठोमऱ्यांचा कोवळा त्र्यंबक पुढे टिळकांच्याच घरात मुलासारखा राहिला. एवढ्या कामाचा माणूस संस्थेत सुखाने म्हातारा होऊ शकला असता. झाला नाही.

आता टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे येतो.

१८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरात त्यांचा जन्म झाला. आजोळच्या आजोबांना १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, असे त्या सांगतात. वेड हा शब्द इथे अलंकारिक नाही. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही आणि सावली पडली तरी पुन्हा आंघोळ. त्या घरात स्वच्छतेपेक्षा भीतीच जास्त शिजत असे. संघटित धर्माचा जाच म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला मोठमोठ्या पीठांचे इतिहास वाचावे लागले नाहीत. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची सुरुवातीची पाने पुरली. धर्म तिथे मठात किंवा मंदिरात नाही, पाण्याच्या हंड्यात आहे, आणि तो हंडा सांभाळायचे काम बायकांचे आहे.

लहानपणीच लग्न झाले. नवरा बुद्धिमान, प्रेमळ, उधळा आणि कमालीचा तापट. न सांगता निघून जायचा, महिनोन्‌महिने पत्ता नसायचा. त्यातच १८९५ ची बातमी आली. हिंदू बाईचा नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे काय होते, याची आज कल्पना करणे अवघड आहे. ती सवाष्ण राहत नाही आणि विधवाही होत नाही. तिच्याशी कसे वागायचे हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून सगळे तिला सल्ले देतात. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई साडेचार-पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या, काही काळ पंढरपुरातही. त्यांच्या कवितेचा उगम याच काळातला. नवऱ्याचे मत त्यांना पटलेले नव्हते, आणि नवरा सोडवतही नव्हता.

शेवटी त्या नगरला आल्या त्या स्वतःचे सोवळे सांभाळून. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, देव वेगळे. टिळकांनी ते चालू दिले. माझ्या मते टिळकांच्या आयुष्यातला हा दरबाराहून मोठा पराक्रम आहे. भर सभेत शेकडो लोकांना हलवणाऱ्या या वक्त्याने स्वतःच्या बायकोपुढे युक्तिवाद आवरला. तापट माणसाला हे किती जड गेले असेल! आणि लक्ष्मीबाईही हळूहळू हलल्या त्या एखादे प्रवचन ऐकून नव्हे. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला, त्याचे उत्तरही स्वतःच काढले आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे ठरवून टाकले. ख्रिस्ती होणे त्यानंतर, १९०० साली. हा क्रम नीट पाहावा. आधी भीती गेली, मग जात गेली आणि धर्माचे नाव सगळ्यांत शेवटी बदलले. नाव बदलले नसते तरी मधली मोकळीक त्यांची त्यांना मिळालेलीच होती.

जोतीराव फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका घराचे चित्र आहे. त्या घरातली आई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, वडील बायबल वाचून ख्रिस्ती होतात, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारतो आणि तरीही सगळे एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने नांदतात. ते पुस्तक फुल्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली छापले गेले. आठ-नऊ वर्षांतच नगरच्या एका बिऱ्हाडात, फुल्यांशी काडीचाही संबंध नसताना, त्या चित्राचा निम्मा भाग प्रत्यक्षात उतरला होता. दोघांनी ते कुठल्याही तत्त्वासाठी केले नाही. त्यांना एकमेकांशिवाय करमत नव्हते, एवढेच.

असे प्रयत्न महाराष्ट्रात आधीही झाले होते. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. जातिभेद मानत नाही हे सिद्ध करायला सभासदाला ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा लागे. पण सारे गुप्त. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या भीतीने मंडळी विस्कटली. पाव खाल्ला, पण भीती पचली नाही. पुढची प्रार्थना समाजाची माणसे सज्जन आणि अभ्यासू होती. त्यांचा प्रभाव शिकलेल्या वर्गापुरता राहिला. पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी आणि माझ्या दृष्टीने अधिक तेजस्वी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्या तिथल्या धर्मभगिनींशी पत्रातून वाद घालत राहिल्या. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या ताब्यात जाण्यासाठी आपण आलो नाही, हे त्यांनी वडीलधाऱ्या गुरुभगिनीला स्पष्ट सुनावले. रमाबाई बुद्धीने मोकळ्या झाल्या. त्यांच्यावर या पुस्तकात एकच प्रकरण आहे याची मला खंत आहे, पण त्यांना वेगळे पुस्तक हवे आणि ते लिहिण्याची माझी ताकद नाही.

मग वारकऱ्यांचे काय, हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच. प्रेमाने आणि लीनतेने देवाला गाठायची वाट तर सातशे वर्षांपासून आपल्या गावावरून जाते. वाटेवर सगळे सारखे, भेटेल त्याच्या पाया पडायचे, मग तो कोणीही असो. बहिणाबाई या ब्राह्मण बाईने शूद्र तुकोबांना गुरू केले, हे सतराव्या शतकात. हे सगळे खरे. पण चोखोबांची समाधी पंढरीच्या देवळाबाहेर, पायरीपाशी आहे, हेही तितकेच खरे. वाटेवरची समता गाभाऱ्यात पोहोचायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ज्या संप्रदायाचा पायाच नम्रतेवर, त्यालाही देऊळ मिळाले की दार मिळते आणि दार मिळाले की दारावर माणूस बसतो. वारकऱ्यांना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. टिळकांचा दरबार टिकला असता तर त्याचेही हेच झाले असते, अशी मला दाट शंका आहे.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे आणि तो टाळून हे पुस्तक लिहिता आले नसते. नम्र व्हा, हा उपदेश कोणी कोणाला करायचा? ज्याच्या पाठीवर शतकानुशतके नम्रता लादली गेली, त्याला आणखी वाका म्हणणे हा धर्म नव्हे, क्रौर्य आहे. लक्ष्मीबाईंच्या माहेरापासून जवळच, नाशिकला, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. काही वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. लक्ष्मीबाई तेव्हा हयात होत्या आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहीत होत्या. बाबासाहेबांना आतली मोकळीक पुरेशी नव्हती, आणि ती पुरेशी का नव्हती हे समजायला फार बुद्धी लागत नाही. आत मोकळा आणि विहिरीवर बंदी, असे जगणे कोणीही कोणावर लादू नये. १९५६ साली त्यांनी धर्मच नाकारला नाही. विचारपूर्वक निवडलेला धर्म, आपल्या लोकांसह, जाहीरपणे स्वीकारला. संघटना, दीक्षा, प्रतिज्ञा, सारे काही त्यात होते. बाहेर पडलेल्यांनाच संघटनेची गरज सर्वांत जास्त असते, ही गोष्ट वरच्या जातीत जन्मलेले आध्यात्मिक लोक सोयिस्करपणे विसरतात.

टिळकांची नम्रता मला मान्य होते ती याच कसोटीवर. त्यांच्याजवळ खाली ठेवण्यासारखे काहीतरी होते. जन्माचा मान त्यांनी १८९५ ला ठेवला आणि मिशनमधला मान १९१७ ला. लक्ष्मीबाईंनी तर सोवळे ठेवले, जे त्यांच्या लेखी देहाचा एक अवयव होते. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने तो सोडावा, एवढ्यापुरतीच या पुस्तकातली नम्रता आहे. ती इतरांकडून मागायची वस्तू नाही.

प्रेमाबद्दलही एक सूचना. संन्यास घेतलेल्या टिळकांचे कौतुक त्यांच्या चरित्रकारांनी भरपूर केले आहे, पण नवऱ्याने संन्यास घेतला तरी दुसऱ्या दिवशी चूल बायकोलाच पेटवावी लागते. टिळकांना येणारा-जाणारा प्रत्येकजण देवाचा पाहुणा वाटे. त्या पाहुण्याला जेवायला काय वाढायचे, हा प्रश्न देवाने लक्ष्मीबाईंवर सोपवलेला असे. अनाथ मुले, आजारी माणसे, होतकरू कवी, सगळ्यांना त्या घरात थारा मिळाला. त्याबद्दल लिहिताना त्या स्वतःला संतपण देत नाहीत. चिडतात, रुसतात, नवऱ्याची फजिती रंगवून सांगतात आणि स्वतःची त्याहून रंगवून. मला वाटते, त्यांची मुक्ती या हसण्यात आहे. ज्याला स्वतःच्या धर्मावर, स्वतःच्या नवऱ्यावर आणि स्वतःवर इतके निर्वैर हसता येते, त्याला कोणत्याच धर्मसंस्थेचा धाक उरत नाही. टिळकांना हे जमले नाही. ते फार गंभीर होते. म्हणूनच त्यांना बाहेर पडण्यासाठी प्रत्येक वेळी राजीनामा द्यावा लागला. लक्ष्मीबाई आत राहूनही मोकळ्या होत्या.

दरबार अल्पायुषी ठरला. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि पुढे ती मंडळी विखुरली. पण एक धागा लांबवर गेला. टिळकांच्या सहवासाने भारावलेल्या जे. सी. विन्स्लो या इंग्रज पाळकाने त्यांचे चरित्र लिहिले आणि १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापला. त्या संघात १९२७ साली ऑक्सफर्डचा एक तरुण दाखल झाला, व्हेरिअर एल्विन. तोही काही वर्षांत चर्चमधून बाहेर पडला आणि मध्य भारतात गोंडांमध्ये जाऊन राहिला. टिळकांना हे आवडले असते का? सांगता येत नाही. एल्विनने ख्रिस्तही मागे ठेवला, आणि तेवढे टिळकांना झेपले नसते.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहून ते पूर्ण केले. काव्य म्हणून ते सगळे सारख्या तोलाचे नाही आणि तसे मी पुढे लिहिले आहे. त्यावर नाराज होणाऱ्यांची पत्रे येतील हे गृहीत धरतो. नवऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या कामाला हात घालताना त्यांनी आपली लेखणी त्याच्या लेखणीसारखी चालवण्याचा प्रयत्न केलेला नाही, हे मात्र मला फार महत्त्वाचे वाटते.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. पहिली तीन प्रकरणे टिळकांची, पुढची पाच लक्ष्मीबाईंची, शेवटची दोन दरबारानंतरची. मधल्या एका प्रकरणात मिशनच्या कारभाराचा तपशील आहे. ज्यांना समित्या आणि ठरावांचा कंटाळा असेल त्यांनी ते खुशाल ओलांडून जावे. टिळकांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे पत्नीच्या आणि एका भक्ताच्या लेखणीतून आलेले आहे. म्हणून प्रेमाने काय झाकले असेल याचा अंदाज घेत मी चाललो आहे, आणि जिथे अंदाजच आहे तिथे तसे सांगितले आहे. ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ अजून वाचलेली नाहीत, त्यांना एकच विनंती: हे पुस्तक बाजूला ठेवून आधी ती वाचावीत. नंतर इकडे परतण्याची गरज वाटली नाही, तरी माझी काही तक्रार नाही.